केबल कशातच नव्हती

या विश्वात अशा काही शक्ती आहेत, की ज्यांच्यापुढे मानवी बुद्धीनं निमूटपणे गुडघे टेकावेत.

त्यांपैकी एक चंदीगडच्या सेक्टर पंधरात, पहिल्या मजल्यावर, एका टेबलाखाली होती. साडेपाचशे वॅटची. तीही बिघडलेली.

घटना खरी आहे. एक अक्षर पदरचं नाही. ज्यांच्या घरी ती घडली ते मुरलीधर खांबेटे खोटं बोलत नाहीत. खोटं बोलायला जी थोडीफार कल्पनाशक्ती लागते ती त्यांच्याकडे नाही. त्यांनी एकतीस वर्षं विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवलं.

वार शनिवार, जानेवारीतला दुसरा. वेळ दुपारची, पावणेचार.

हो, दुपारची. भुताखेतांनी रात्रीच यावं असा वाचकांचा हट्ट असतो, त्याला इलाज नाही. आणि चंदीगडच्या जानेवारीत दिवस म्हणजे तरी काय, पांढऱ्या रंगाचा अंधार. अकरा दिवस सूर्य दिसला नव्हता. समोरच्या घराचा दिवा दिसायचा, घर दिसायचं नाही.

घरात माणसं तीन. खांबेटे स्वतः. त्यांच्या पत्नी मंजिरीबाई, चंडीमंदिरच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आणि मुलगी स्वानंदी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. ती इथलीच. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं.

सोमवारी सकाळी दहाला स्वानंदीला तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प द्यायचा होता. मुल्लानपूरच्या नव्या वस्तीसाठी बसस्थानक. नकाशे झाले होते, मॉडेल झालं होतं. राहिलं होतं ते रेंडर, म्हणजे नकाशावरून कॉम्प्युटरनं खऱ्यासारखं चित्र काढणं. ऊन कुठून येतं, सावली कुठं पडते, काचेत काय दिसतं, सगळं. अडीच तासांचं काम. ते दिलं नाही तर वर्ष गेलं.

आणि ते होत नव्हतं.

कॉम्प्युटर एरवी छान चालायचा. मेल उघडायचा, गाणी वाजवायचा. रेंडर सुरू केलं की पाच मिनिटं जायची, सात मिनिटं जायची...

टक्.

अख्खा बंद. पडदा काळा, पंखे गप्प, पुढचा निळा दिवासुद्धा विझलेला. मग दहा सेकंदांनी आपोआप चालू, जणू काही झालंच नाही.

दोन दिवसांत अकरा वेळा.

मैत्रिणींचे कॉम्प्युटर त्यांच्या त्यांच्या रेंडरात अडकलेले. कॉलेजची लॅब धुक्याच्या सुट्टीत बंद. लॅपटॉपनं ती फाईल उघडायलाच नकार दिला. स्वानंदीनं जेवण सोडलं होतं आणि नखं खायला घेतली होती.

खांबेट्यांनी निदान पहिल्याच दिवशी करून टाकलं होतं. ग्राफिक्स कार्ड गेलं.

पुरावा? रेंडर म्हणजे कार्डाचं काम. कार्ड काम करत नसतं तेव्हा यंत्र ठीक असतं, कार्ड काम करू लागलं की बंद पडतं. म्हणून दोष कार्डाचा. हे त्यांनी वहीच्या पानावर ‘प’ आणि ‘फ’ लिहून सिद्धही केलं होतं. खाली रेघ मारून तारीख घातली होती.

मंजिरीबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना पॉवर सप्लायचा संशय होता, म्हणजे भिंतीतली वीज आत घेऊन सगळ्या भागांना वाटणारी ती लोखंडी पेटी. कार्ड गेलं तर चित्र बिघडेल, पडद्यावर पट्टे येतील, बाकीचं यंत्र चालू राहील. इथं तर दिव्यासकट सगळंच जातंय. “अख्खं घर अंधारात गेलं तर आपण टीव्हीला दोष देतो का?” असं त्या म्हणाल्या.

खांबेटे हसले. तुझं विज्ञान आठवीपर्यंतचं आहे, असं त्यांनी बायकोला प्रेमानं समजावलं.

नवीन कार्ड मागवलं तर यायला आठ दिवस लागणार होते. म्हणजे खांबेट्यांचं निदान बरोबर असेल तर स्वानंदीचं वर्ष जाणार होतं. सप्लाय गेला असेल तर तो त्याच दिवशी बाजारात मिळणार होता. तरीही खांबेटे निदानावर ठाम राहिले. सत्यावर त्यांची निष्ठा इतकी, की त्यासाठी मुलीचं वर्ष द्यायची त्यांची तयारी होती.

नक्की कळायचा रस्ता एकच. खात्रीचा दुसरा सप्लाय लावायचा आणि बघायचं. घरात दुसरा सप्लाय नव्हता.

शेवटी मंजिरीबाईंनी जुनं बिल काढून नवऱ्याच्या हातात दिलं. यंत्र तीन वर्षांपूर्वी वीस सेक्टरच्या कॉम्प्युटर बाजारात हरजिंदर सिंगच्या दुकानात जोडून घेतलं होतं. बिलावर दोन नंबर होते, दुकानाचा आणि त्याच्या मोबाईलचा. खांबेट्यांनी दुकानाचा लावला.

रिंग वाजत राहिली. खूप वेळ.

मग कुणीतरी फोन उचलला. पलीकडून नेहमीचं ‘हां जी’ आलं नाही. मागं बाजाराचा आवाज नाही, गाडीचा हॉर्न नाही...

“बोला सर.”

खांबेटे बोलले. त्यांची हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी ‘है’. कार्ड गया है, आप फक्त आदमी भेजके खात्री करके दो है.

“बघावं लागंल सर,” पलीकडचा म्हणाला. “येतो.”

फोन बंद झाला.

वीस सेक्टरात, सरदारजींच्या दुकानात, आपल्याशी मराठीत कोण बोललं, हा प्रश्न तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना पडला नाही. त्यांच्या डोक्यात वेगळाच राग होता. त्या माणसानं त्यांना ‘प्रोफेसर साहेब’ म्हटलं नव्हतं.

त्या धुक्यात वीस सेक्टरहून इथं यायला चाळीस मिनिटं लागली असती.

नऊ मिनिटं झाली होती.

मंजिरीबाई दूधवाल्याची पिशवी आत घ्यायला म्हणून दार उघडायला गेल्या आणि दारात माणूस उभा...

बारीक चणीचा, तिशीचा. डोक्याला तपकिरी माकडटोपी, खांद्याला कापडी पिशवी. बूट काढून भिंतीशी नीट जोडून ठेवलेले. बराच वेळ उभा असावा तसा.

बेल का नाही वाजवलीत, असं त्यांनी विचारलं.

“दाबली, वहिनी. वाजत नाही.”

बेल सकाळी वाजत होती. आजही वाजते.

पाय उलटे होते का, असं नंतर ज्या ज्या लोकांनी ही हकिकत ऐकली त्या सगळ्यांनी विचारलं. लोकांची अक्कल पायापर्यंतच पोचते. पाय सरळ होते. मोजे होते, एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. विचारायला हवं होतं ते बुटांचं. बाहेर हवेतून पाणी गळत होतं, जिन्याचा कठडा ओला होता, आणि बूट कोरडे ठणठणीत होते.

मंजिरीबाईंनी चहा विचारला.

“सवय सुटली, वहिनी.”

माणूस संगमनेरकडचा वाटत होता, आणि चहा नको म्हणत होता. मंजिरीबाईंना तेव्हाच कसंतरी झालं. खांबेट्यांना काहीच झालं नाही. त्यांनी वही उघडली आणि ‘प’ पासून सुरुवात केली.

त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही ‘हो’ म्हणाला नाही. मग टेबलाखाली वाकला, यंत्राच्या पेटीला कान लावला आणि स्वानंदीला म्हणाला, “ताई, चालवा.”

तिनं रेंडर सुरू केलं. पंखे वाढले. चार मिनिटं. पाच.

टक्.

“आवाज कुठनं आला, सर?”

खांबेटे म्हणाले, कार्डातून.

“मागनं आला. खालनं. सप्लायमधनं.”

मग कार्ड काम करतानाच का बंद पडतं, असं खांबेट्यांनी विजयी मुद्रेनं विचारलं. एकतीस वर्षांत या सुरात त्यांनी अनेक विद्यार्थी गार केले होते.

“हमाल पोतं उचलताना चक्कर येऊन पडला, सर, तर डॉक्टर कुणाला तपासतो? पोत्याला?”

स्वानंदी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. खांबेट्यांना हा विनोद मुळातच सदोष वाटला, पण दोष सापडेना, म्हणून त्यांनी पुरावा मागितला.

त्यानं यंत्र बंद केलं, सप्लायच्या सगळ्या केबली सोडवल्या. मंजिरीबाईंकडून केसांची पिन मागून घेतली. जाड केबलीच्या टोकाशी एक हिरवी तार असते आणि शेजारी काळी. पिन वाकवून त्यानं दोन्हींना जोडली आणि बटण दाबलं. सप्लायचा पंखा भर्रकन फिरू लागला.

“चालू आहे,” खांबेटे म्हणाले. “सप्लाय चालू आहे. मी काय सांगत होतो?”

“पंखा फिरतो, सर. एवढंच कळलं.”

मग त्यानं पिशवीत हात घातला आणि स्वतःचा सप्लाय काढला. जुना, कोपरे चेपलेला. त्यावर काळ्या मार्करनं एकच शब्द लिहिलेला. ‘चालू’.

तो त्यानं यंत्रात बसवला नाही. टेबलाखाली फरशीवरच ठेवला. यंत्राची बाजू उघडी टाकून तीन केबली आत नेल्या. एक मदरबोर्डाला, एक प्रोसेसरला, एक कार्डाला.

“ताई, चालवा.”

पाच मिनिटं.

सात.

बारा. स्वानंदी हातावर बसून राहिली होती.

वीस मिनिटं झाली, रेंडर सतरा टक्क्यांवर आलं, आणि टक् झालं नाही.

“सप्लाय गेलाय, सर. कार्ड शाबूत आहे. आज संपेपर्यंत माझा राहू द्या.”

खांबेटे म्हणाले, योगायोग. मग म्हणाले, वायर हलली असेल. मग म्हणाले, वीस मिनिटांवरून सार्वत्रिक विधान करता येत नाही. त्या माणसानं तिन्ही वेळा मान डोलावली. ही त्याची मान डोलावण्याची पद्धत खांबेट्यांना फार उद्धट वाटली.

तो दाराशी गेला. एक बूट घातला. म्हणाला, “येतो, सर.”

इथं खांबेट्यांचं एक तत्त्व आडवं आलं.

आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. अशुभ मानतात. माणूस जायला निघतो आणि ‘येतो’ म्हणतो. खांबेट्यांना हे उघड विसंगत विधान तरुणपणापासून सहन होत नसे. ते स्वतः चाळीस वर्षं, लग्नाकार्यातून, बारशातून, दवाखान्यात आजाऱ्याला भेटून निघताना, मोठ्यानं ‘जातो’ म्हणत आले होते. दोन सख्ख्या चुलत्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याचा त्यांना अभिमान होता.

“येतो काय? जाताय ना? मग जातो म्हणा. माणसानं जे करतो तेच बोलावं.”

तो माणूस एका पायात बूट घालून तसाच उभा राहिला.

“तेच चुकलं, सर,” तो म्हणाला. “मालक पण हेच सांगायचे.”

दुसरा बूट घालून तो निघाला. जिन्याला अठरा पायऱ्या आहेत. मंजिरीबाई दाराशी कान देऊन उभ्या राहिल्या...

एकही वाजली नाही.

खांबेट्यांनी लगेच हरजिंदरच्या मोबाईलवर फोन लावला. आभार मानायला असं कुणी समजू नये. तक्रार करायची होती. कसली माणसं पाठवता, ग्राहकाशी कसं बोलतात, हमाल काय, पोतं काय. फोन त्यांनी स्पीकरवर ठेवला होता. घरच्यांनी ऐकावं अशी त्यांची इच्छा असे.

हरजिंदरनं सगळं ऐकलं. मग गोंधळून म्हणाला, की दुकान आज उघडलेलंच नाही. तो शहराबाहेर, खरड गावात, आपल्या घरी बसलाय. इतक्या धुक्यात कोण दुकान उघडणार.

मग फोन कुणी उचलला, असं खांबेट्यांनी दरडावून विचारलं. इथं आला तो कोण होता? मराठी बोलत होता. तपकिरी टोपी. कापडी पिशवी.

पलीकडे चालू असलेला टीव्ही बंद झाला.

मग एक दार लावल्याचा आवाज...

“पिशवीत सप्लाय था?” हरजिंदरनं हळूच विचारलं. “उपर कुछ लिखा था?”

“चालू,” मंजिरीबाई म्हणाल्या.

“हेरंब,” हरजिंदर म्हणाला. “हेरंब गुंजाळ. मेरे पास काम करता था जी. दो साल हो गए. झिरकपूर के आगे, ऐसी ही धुंध में, ट्रक के नीचे. वही सप्लाय लेके निकला था, किसी का पीसी चेक करने.”

मग तो बोलतच राहिला, कारण बहुधा थांबायची भीती वाटत होती. हेरंब दुकानातून निघताना रोज ‘आता हूँ’ म्हणायचा. इकडे ‘आता हूँ’ म्हणजे लगेच येतो, थांबा. पहिल्या आठवड्यात हरजिंदर रात्री साडेनवापर्यंत शटर उघडं ठेवून बसला होता. मग कळलं, हा ‘येतो’चं हिंदी करतोय.

“मैं रोज बोलता था, ओए जाता हूँ बोल. हंसता था. उस दिन भी आता हूँ बोलके गया. मैं हंसा.” हरजिंदर थांबला. “फिर आता रहा जी. शटर के नीचे कभी कभी जूते दिखते हैं.”

खांबेट्यांनी फोन बंद केला.

स्वानंदी टेबलाखाली बघत होती. तिचा चेहरा निळा दिसत होता. पडद्याच्या उजेडामुळे, असं खांबेट्यांनी स्वतःला सांगितलं.

ते वाकले.

तीन केबली यंत्रातून बाहेर आल्या होत्या. फरशीवर उतरल्या होत्या. शेजारी शेजारी, नीट सरळ...

आणि तिथं संपत होत्या.

केबल कशातच नव्हती. फरशीवर सप्लाय नव्हता. भिंतीतलं सॉकेट रिकामं होतं, त्याचं बटणही बंद. घरचा जुना सप्लाय कोपऱ्यात पिनेसकट पडला होता.

यंत्राचे पंखे फिरत होते. निळा दिवा लागलेला होता. पडद्यावर बसस्थानकाच्या छपराखाली सावली हळूहळू भरत होती.

एकतीस टक्के.

अशा वेळी बुद्धिवादी माणसाचं कर्तव्य काय? हात घालून बघायचं. खांबेट्यांनी बाही वर केली. मंजिरीबाईंनी त्यांचं मनगट धरलं, आणि स्वानंदी अगदी शांतपणे म्हणाली, “पापा, हाथ मत लगाना.”

खांबेट्यांनी बाही खाली केली. भीतीमुळे नव्हे, असं ते आजही सांगतात. त्यांना कुणी विचारत नाही.

मग त्यांनी खुलासे सुरू केले. सप्लायमध्ये साठलेला भार उरतो, असं ते म्हणाले. सप्लायच नाहीये, असं मंजिरीबाई म्हणाल्या. दमट हवा विजेची वाहक असते. मग आपल्याला झटका का नाही बसला? शेवटी त्यांनी ठेवणीतलं काढलं, सामूहिक भ्रम. तिघांनाही एकच भास होतोय. मग त्यांच्या लक्षात आलं, की तसं असेल तर रेंडरही भासच आहे. हे त्यांनी मुलीसमोर बोलून दाखवलं नाही. त्यांच्या आयुष्यातला हा बहुधा पहिला समंजस निर्णय.

पन्नास टक्के. सत्तर. ऐंशी.

खोली गार पडत चालली होती. हीटर लावायला कुणी उठेना. सॉकेट एकच होतं, तेच.

साडेसहाच्या सुमाराला बाहेर काहीतरी खसखसलं...

कुणीतरी बूट काढत होतं.

आधी एक. मग दुसरा. मग भिंतीशी जोडून ठेवल्याचा हलका आवाज.

बेल वाजली नाही. खांबेट्यांनी दार उघडलं, कारण बाकी दोघी उठणार नव्हत्या.

“सप्लाय न्यायचा होता, सर,” हेरंब म्हणाला. “येतो म्हटलं होतं.”

खांबेट्यांनी दारातून एक पाऊल मागं घेतलं. एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

“तुमचं बरोबर आहे, सर. मी विचार केला. येतो म्हटलं, की यावं लागतं. सुटका नाही. आज तुमच्या दारातनं जातोच म्हणतो. सप्लाय घेऊन जातो म्हणतो, म्हंजे मोकळा.”

त्याचा आवाज साधा होता. दिवसभर काम करून घरी निघालेल्या माणसाचा.

चाळीस वर्षांत खांबेट्यांचं हे तत्त्व कुणी मान्य केलं नव्हतं. बायकोनं नाही, चुलत्यांनी नाही, विद्यार्थ्यांनी नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी दारात उभं राहून म्हणत होतं, की सर, तुमचं बरोबर आहे. त्यांनी फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

मागून अगदी बारीक आवाज आला.

“पापा. सिर्फ सात परसेंट.”

खांबेट्यांनी घसा साफ केला.

“नको,” ते म्हणाले. “येतोच म्हणा.”

हेरंब त्यांच्याकडे बघत राहिला.

“परत यावं लागंल, सर.”

“या ना. सावकाश या. सोमवारनंतर या.”

हेरंबनं टोपी कानांवर ओढली. खांबेट्यांच्या खांद्यावरून त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. आणि मुलीकडे बघूनच म्हणाला.

“येतो.”

मेलेल्या माणसाचा सुटकेचा रस्ता सात टक्क्यांसाठी अडवणारे तर्कशास्त्राचे प्राध्यापक भारतात दुसरे कुणी असतील असं वाटत नाही. दार लावताना त्यांनी कडी घातली. मग वर साखळीही. कुणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

सहा बावन्नला रेंडर पूर्ण झालं. स्वानंदीनं चित्र पेनड्राइव्हवर घेतलं, पेनड्राइव्ह ओढून काढला...

टक्.

अख्खा बंद. या वेळी दहा सेकंदांनी चालू झाला नाही.

रविवारी हरजिंदर स्वतः आला. नवा सप्लाय लावला, जुना उघडून दाखवला. आतले वीज साठवणारे दोन कपॅसिटर फुगून वर आले होते. कार्डाला काहीच झालेलं नव्हतं, ते आजही चालतंय. सोडून दिलेल्या त्या तीन केबली मात्र यंत्रातून निघता निघेनात. त्या जुन्या सप्लायच्या नव्हत्या. हरजिंदरनं त्या हेरंबच्या म्हणून ओळखल्या, कशाबशा उपसून रुमालात गुंडाळल्या आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बराच वेळ बसून राहिला. तक्रारीचं राहिलेलं अर्धं बोलायला खांबेटे त्याच्यामागं गेले होते. ते तसेच परत आले.

स्वानंदी पास झाली. परीक्षकांनी सावल्यांचं कौतुक केलं.

आणि हेरंब येतो.

दर शनिवारी, पावणेचारला. धुकं फेब्रुवारीत संपलं, आता मार्च आहे, बाहेर लख्ख ऊन असतं. जिन्यावर कुणी चढताना दिसत नाही. फक्त बूट काढल्याचा आवाज येतो, आणि ते भिंतीशी असतात. त्या घरातून निघताना आता कुणी काहीच म्हणत नाही. पाहुणे गुपचूप चपला घालतात आणि मान खाली घालून जिना उतरतात. शनिवारी त्या वेळी खांबेट्यांना नेमकं बाथरूमला जावं लागतं. ते वही घेऊन जातात. ‘प’ आणि ‘फ’ पुन्हा लिहून बघतात, म्हणे. जुळत नाही.

गेल्या शनिवारी मंजिरीबाईंनी धीर केला. दार उघडलं. तो तिथंच उभा होता, टोपी हातात घेऊन.

त्यांनी विचारलं, बाबा रे, तुझं काही राहिलंय का? संगमनेरला कुणाला निरोप द्यायचाय का? काही विधी करायचा राहिलाय का? आमच्या ह्यांनी तुला अडवलं, त्याचं पाप कसं फेडायचं ते सांग. जे म्हणशील ते करू.

त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. आत, बाथरूमच्या दारामागं, वहीचं पान उलटल्याचा आवाज थांबला.

“एक होतं, वहिनी,” हेरंब म्हणाला. “सरांनी नेटवर दुकानाच्या पानावर तीनच स्टार दिलेत. जमलं तर चार करा.”